मॉनिटरचा रंग सारखा बिघडतोय? आधी खोट कुणाकडे आहे ते ठरवा

"स्क्रीन पिवळी पडलीये." "सगळं गुलाबी गुलाबी दिसतंय." "फोटो धुवून काढल्यासारखे फिके येतायत." रंगाच्या तक्रारी साधारण एवढ्याच तीन-चार वाक्यांत येतात, आणि बहुतेकींना एक शेपूट असतं: "मध्ये नीट झालं होतं, परत सुरू झालं." हे शेपूटच कामाचं आहे. बिघडून तसाच राहिलेला रंग शोधायला सोपा. येऊनजाऊन असलेला रंग छळतो, कारण आपण काहीतरी करतो, नेमका तेव्हाच तो नीट होतो आणि त्या उपायावर आपला विश्वास बसतो. मग कुणी ड्रायव्हर परत टाकतं, कुणी विंडोज फॉरमॅट मारतं, कुणी मॉनिटरच्या पाठीत एक थाप देतं. थापेनं खरंच नीट होऊ शकतो. ते का, ते पुढे सांगतो.

रंग बिघडला की पहिला हात सेटिंगकडे जातो. तो आवरा. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, गॅमा, ग्राफिक्स कार्डाची सेटिंग्ज सगळं हलवून झालं की मूळ दोष कुठला आणि आपण घातलेला गोंधळ कुठला, हे कळेनासं होतं. आधी एवढंच ठरवायचं की खोट मॉनिटरमध्ये आहे, केबलमध्ये आहे की कॉम्प्युटरमध्ये. त्याला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही.

तीन साक्षीदार

मॉनिटरच्या खालच्या किंवा मागच्या बटणानं त्याचा स्वतःचा मेन्यू उघडा, तोच जो ब्राइटनेस बदलायला उघडतो. हा मेन्यू मॉनिटर स्वतः काढतो. तो केबलमधून येत नाही, विंडोजला त्याचा पत्ताही नसतो. मागचं चित्र गुलाबी आणि मेन्यूची पाटी मात्र स्वच्छ, असं दिसलं तर पॅनलची, म्हणजे प्रत्यक्ष पडद्याची काळजी बहुधा सोडा. खोट केबलमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये आहे. मेन्यूच गुलाबी दिसत असेल तर केबल बदलण्यात पैसे घालू नका. एक बारकावा आहे. काही मॉनिटरांत 'वॉर्म', 'कूल', 'लो ब्लू लाइट' वगैरे सेटिंगचा परिणाम चित्रावर होतो, पण मेन्यूवर होत नाही. म्हणून मेन्यू निर्दोष सुटला तरी त्याच मेन्यूतून एकदा फॅक्टरी रिसेट करून घ्या. रिसेट करण्याआधी चालू सेटिंगचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसरा साक्षीदार बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी चालणारा कॉम्प्युटरचा मूळ मेन्यू. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये जा. (लॅपटॉपवर बटण वेगळं असू शकतं.) तिथे विंडोज नाही, ड्रायव्हर नाही, नाइट लाइट (संध्याकाळी स्क्रीन पिवळसर करणारी विंडोजची सोय) नाही, कलर प्रोफाइल (मॉनिटरच्या रंगांची फाइल) नाही. तिथेही रंग बिघडलेलाच असेल तर विंडोजमध्ये शोधाशोध करण्यात अर्थ नाही. फॉरमॅट मारायला निघालेल्या माणसाला आधी बायोस उघडायला लावा, बरीच फॉरमॅट वाचतात.

तिसरा स्क्रीनशॉट. तो घेऊन मोबाइलवर पाठवा. मोबाइलवरही रंग तसाच खराब दिसला तर चित्र कॉम्प्युटरच्या आतच, म्हणजे फाइलमध्ये किंवा त्या प्रोग्रॅममध्ये बिघडलंय. चांगला दिसला तर बिघाड त्यानंतरचा. पण हा साक्षीदार अर्धवट आहे. नाइट लाइटचा पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, त्यामुळे स्क्रीनशॉट स्वच्छ आला म्हणून विंडोजला क्लीन चिट देऊ नका.

हलवलं की बदलतो: केबल

आपल्याकडची सरकारी कार्यालयं, शाळांच्या लॅब, सेतू केंद्रं, डीटीपीची दुकानं पाहिलीत तर निळ्या तोंडाची व्हीजीए केबल अजून सगळीकडे दिसते. येऊनजाऊन असलेल्या रंगाचं सगळ्यात नेहमीचं कारण तीच. व्हीजीए ॲनालॉग आहे. लाल, हिरवा आणि निळा हे तीन रंग तीन वेगवेगळ्या तारांतून येतात. एक तार तुटली किंवा एक पिन नीट टेकली नाही तर चित्र बंद पडत नाही, फक्त तेवढा एक रंग गळतो.

कुठला रंग गळला हे डोळ्यांनी अंदाज बांधण्यापेक्षा पेंट उघडा आणि शुद्ध लाल, शुद्ध हिरवा, शुद्ध निळा असे तीन पट्टे भरा. रंग बदलायच्या खिडकीत लालसाठी २५५-०-०, हिरव्यासाठी ०-२५५-०, निळ्यासाठी ०-०-२५५ टाकायचं. चौथा पट्टा पांढरा ठेवा. आता पाहा. लाल तार गेली असेल तर लाल पट्टा काळा पडेल आणि पांढरा पट्टा निळसर हिरवा दिसेल. हिरवी गेली असेल तर हिरवा पट्टा काळा आणि पांढरा एकदम जांभळट गुलाबी. "सगळं गुलाबी दिसतंय"चा अर्थ बहुतेकदा हाच. निळी गेली तर निळा पट्टा काळा आणि पांढरा पिवळा.

हा शेवटचा पिवळा फसवतो, कारण नाइट लाइटनंही स्क्रीन पिवळीच होते. फरक निळ्या पट्ट्यात आहे. नाइट लाइटमध्ये निळा सहसा मंद होतो, पण निळाच राहतो. तार तुटलेली असेल तर तो पार काळा होतो. ही फाइल 'रंगपट्टे' नावानं डेस्कटॉपवर जपून ठेवा, कारण दोष परत येणार आणि तेव्हा ती पुन्हा लागणार.

पट्टे स्क्रीनवर ठेवून केबल दोन्ही टोकांशी हलक्या हातानं हलवा. काळा पट्टा मध्येच पेटला की सापडला चोर. आता कॉम्प्युटर आणि मॉनिटर बंद करा, केबल काढा आणि तिच्या तोंडात डोकवा. तीन रांगांत पाच-पाच अशा पंधरा पिनांची जागा असते. रुंद बाजू वर धरली तर वरच्या रांगेत डावीकडून पहिल्या तीन म्हणजे लाल, हिरवा, निळा. यांतली एखादी वाकलेली असेल तर बारीक चिमट्यानं किंवा शिसं काढलेल्या मेकॅनिकल पेन्सिलीच्या टोकानं सावकाश सरळ करा. दोनदा वाकलेली पिन तिसऱ्यांदा तुटते, त्यामुळे फार खेळत बसू नका. मधल्या रांगेतली डावीकडून चौथी, म्हणजे नऊ नंबरची पिन पुष्कळ केबलींना मुळातच नसते. ती तुटलेली नाही. "पिन तुटलीये, केबल बदला" असं कुणी तिच्याकडे बोट दाखवून म्हणालं तर हसून सोडून द्या. रंगासोबत रिझोल्यूशनही एकदम खाली आलं असेल आणि मॉनिटरचं नाव ओळखलं जात नसेल, तर मात्र खालच्या रांगेतल्या पिना तपासा. मॉनिटर आपली ओळख त्यांच्यातून सांगतो.

पिना सरळ आहेत, पण हिरवट किंवा काळपट दिसतायत? कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हे नेहमीचं. दमट आणि खारट हवेत जोडणीवर थर चढतो आणि संपर्क कमजोर होतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश पुरतो. पूर्ण सुकल्याशिवाय केबल लावू नका. कॉम्प्युटरकडचं सॉकेटही पुसायला विसरू नका, अर्धा थर तिथेच असतो.

आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळा. एका सेतू केंद्रात स्क्रीन दुपारीच गुलाबी व्हायची, सकाळी कधीच नाही. ऑपरेटरला वाटायचं, मॉनिटर तापतो. बघितलं तर दुपारी उकाडा वाढला की त्याच टेबलावर पंखा ठेवला जायचा, टेबल थरथरायचं आणि स्क्रू न आवळलेली केबल कणाकणानं सरकायची. मॉनिटर बदलायचा प्रस्ताव वर गेला होता.

केबल बदलून पाहिली, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तसंच, पण मॉनिटरच्या पाठीत थाप मारली की नीट होतं, असं असेल तर मॉनिटरमधल्या सॉकेटचं सोल्डर सुटलंय किंवा आतली चपटी केबल सैल आहे. थापेनं ते क्षणभर टेकतं. दुरुस्तीवाल्याला "ड्राय सोल्डर बघा" एवढं सांगितलंत तरी त्याचा वेळ वाचेल. थापा मारत राहिलात तर सॉकेट एक दिवस बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांसकट उखडतं.

एचडीएमआय ते व्हीजीए असा छोटा डबा मध्ये लावलेला असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. तो नुसता जोडणारा तुकडा नाही. त्याच्या आत एक चिप डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करते आणि ती एचडीएमआयच्या ५ व्होल्टवरच भागवते. मॉनिटरला एचडीएमआय असेल तर डबा काढून सरळ एचडीएमआय केबल लावा, विषय संपला. व्हीजीएच ठेवावी लागणार असेल तर मॉनिटरच्या मेन्यूत 'ऑटो कलर' आहे का बघा. ते चालवताना स्क्रीनवर पांढरं आणि काळं दोन्ही भरपूर असू द्या, म्हणजे वर्डचं कोरं पान आणि शेजारी काळी खिडकी. गडद वॉलपेपरवर चालवलंत तर पांढरं म्हणजे काय हेच त्याला चुकीचं कळतं.

संध्याकाळी पिवळी, सकाळी ठीक

घड्याळ लावून येणारा पिवळेपणा म्हणजे नाइट लाइट. विंडोज १० मध्ये हे २०१७ पासून आहे. सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि तिथे नाइट लाइट. वेळ 'सूर्यास्त ते सूर्योदय' अशी लावलेली असली की ती ठिकाण आणि ऋतूप्रमाणे सरकते, म्हणून पिवळेपणा घड्याळावर येतोय हे माणसाच्या ध्यानात येत नाही. बंद केला तरी पिवळंच असेल तर एफ-लक्ससारखा वेगळा प्रोग्रॅम चालू आहे का बघा, आणि मॉनिटरमधला 'आय सेव्हर' किंवा 'रीडिंग' मोडही. हे तिन्ही एकाच वेळी चालू असलेली स्क्रीन हळदीनं माखल्यासारखी दिसते.

स्क्रीन अचानक कृष्णधवल झाली तर घाबरू नका. विंडोज + कंट्रोल + सी दाबून बघा. कलर फिल्टरचा हा शॉर्टकट चालू असेल तर कॉपी करताना बोट घसरून तो दाबला जातो. तो कायमचा बंद करायला ॲक्सेसिबिलिटीमध्ये कलर फिल्टर्स. लहान मुलं कीबोर्डवर बसणाऱ्या घरात तर हे नक्की करा.

फक्त फोटो पिवळट, बाकी सगळं ठीक

हा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त चक्रावतो. डेस्कटॉप पांढराशुभ्र, वर्ड पांढरं, पण विंडोजचं फोटो ॲप किंवा फोटोशॉप उघडलं की पांढऱ्यावर पिवळी झाक. तीच फाइल ब्राउझरमध्ये वेगळी, पेंटमध्ये वेगळी. इथे मॉनिटर, केबल, कार्ड सगळे निर्दोष असतात. दोषी असतं कलर प्रोफाइल. मॉनिटर कंपनी एक छोटी फाइल देते, तिच्यात "माझे रंग असे असे आहेत" हे लिहिलेलं असतं. कधीकधी ती विंडोज अपडेटबरोबर आपोआप येते आणि तिच्यातली माहिती तुमच्या मॉनिटरशी जुळत नाही. फोटोचे प्रोग्रॅम ती वाचतात आणि त्याप्रमाणे रंग 'सुधारतात', बाकीचे तिच्याकडे बघतही नाहीत. म्हणून एकाच स्क्रीनवर दोन रंग.

उपाय: स्टार्टमध्ये 'कलर मॅनेजमेंट' शोधून उघडा. वर आपला मॉनिटर निवडा (दोन असतील तर नीट बघून), 'यूज माय सेटिंग्ज फॉर धिस डिव्हाइस'वर टिक करा, 'ॲड' दाबून यादीतून एसआरजीबी निवडा आणि 'सेट ॲज डिफॉल्ट प्रोफाइल' करा. फोटो ॲप बंद करून परत उघडा. एसआरजीबी हे १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्टनं मांडलेलं आणि १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेलं रंगमाप आहे. साध्या ऑफिस मॉनिटरला ते बहुतेकदा पुरेसं जवळ बसतं. महागडा, जास्त रंग दाखवणारा मॉनिटर असेल तर हा तात्पुरता इलाज समजा. त्याला कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) लावून स्वतःचं प्रोफाइल करून घ्यावं लागतं. मोठ्या अपडेटनंतर रंग परत पिवळा झाला तर पहिल्यांदा इथेच या.

एचडीएमआयवर फिकं, किंवा हिरवं-गुलाबी

एचडीएमआय डिजिटल असल्यामुळे एक रंग गळण्याचा प्रकार तिथे सहसा होत नाही. भानगड वेगळी असते: दोन बाजू दोन भाषा बोलतात. टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. कॉम्प्युटरच्या जगात ० आणि २५५. ग्राफिक्स कार्डानं तुमच्या मॉनिटरला टीव्ही समजून १६ ते २३५ पाठवलं आणि मॉनिटर ० ते २५५ची वाट बघत बसला की काळा राखाडी होतो आणि सगळं धुरकट. उलटं झालं तर काळ्या केसांच्या बटा, गडद साडीच्या चुण्या एकाच डागात बुडून जातात. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन'खाली 'आउटपुट डायनॅमिक रेंज' फुल करा आणि 'आउटपुट कलर फॉरमॅट' आरजीबी. एएमडीमध्ये 'पिक्सेल फॉरमॅट', इंटेलमध्ये 'क्वांटायझेशन रेंज'. मॉनिटरकडे 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' असेल तर तेही त्याच्याशी जुळतं ठेवा.

सगळं चित्र हिरवं आणि गुलाबी, चेहरे भुतासारखे, असं झालं तर मॉनिटरच्या मेन्यूत 'इनपुट कलर फॉरमॅट' शोधा. तिथे वायपीबीपीआर (टीव्हीची रंग सांगायची पद्धत) लागलेलं असेल तर आरजीबी (कॉम्प्युटरची) करा, किंवा याच्या उलट. मॅकला बाहेरचा मॉनिटर लावल्यावरही ही गफलत होते. घरचा टीव्ही मॉनिटर म्हणून वापरत असाल आणि लाल अक्षरांच्या कडा फरकटलेल्या दिसत असतील, तर त्या इनपुटचं नाव टीव्हीत 'पीसी' ठेवून बघा. काही टीव्हींत नुसत्या त्या नावानंच रंगाची पूर्ण माहिती घ्यायची सोय सुरू होते.

विंडोज ११ वर डेस्कटॉप अचानक निस्तेज झाला असेल तर विंडोज + ऑल्ट + बी दाबून एचडीआर (उजेड आणि रंग जास्त ताणून दाखवणारा मोड) बंद होतो का पाहा. खोक्यावर एचडीआर लिहिलेल्या बऱ्याच स्वस्त मॉनिटरांना ते पेलत नाही. माझ्या मते अशा मॉनिटरवर ते कायमचं बंदच असावं.

लॅपटॉप

लॅपटॉपची पहिली चाचणी म्हणजे बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडणं. बाहेर रंग ठीक आणि लॅपटॉपच्या स्क्रीनवर खराब असेल तर ग्राफिक्स चिप निर्दोष. मग झाकण हळूहळू मागेपुढे करा. ठरावीक कोनात रंग बदलत असेल, रेघा येत असतील, तर बिजागरीतून जाणारी डिस्प्ले केबल झिजलीये. ती बदलून मिळते आणि पॅनलपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, म्हणून दुकानात "पॅनल गेलं" ऐकलं की केबल बदलून पाहिली का, ते विचारा. चार्जर काढल्यावरच रंग फिके पडत असतील तर ती बिघाडाची नाही, काटकसरीची बाब आहे. इंटेलचं 'डिस्प्ले पॉवर सेव्हिंग', एएमडीचं 'व्हॅरी-ब्राइट' बॅटरीवर कॉन्ट्रास्टशी खेळतं. ते बंद करता येतं.

म्हातारपण

मेन्यूही खराब, रिसेट करूनही तसंच, दुसऱ्या कॉम्प्युटरवरही तेच, तर पॅनल किंवा त्यामागचा दिवा. ट्यूबचा बॅकलाइट असलेले जुने एलसीडी सुरू झाल्यावर लालसर दिसतात आणि तापले की सुधारतात. ट्यूब संपत आल्याची ती खूण. एलईडी बॅकलाइटमध्ये निळ्या एलईडीवर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड काढलेला असतो. लेप उतरला की जागोजागी निळे-जांभळे डाग पडतात. टीव्हीच्या बाबतीत एलईडीच्या पट्ट्या बदलणं परवडतं, साध्या १९-२२ इंची मॉनिटरला नाही. एकच उभी रंगीत रेघ कायमची असेल तर तिला सेटिंगमध्ये औषध नाही.

आणि स्पीकर लांब ठेवायचा सल्ला विसरा. तो काचेच्या नळीच्या मॉनिटरचा. त्यात चुंबकानं कोपरे जांभळे व्हायचे आणि डिगॉसचं बटण दाबलं की ठण्ण आवाज करत रंग जागेवर यायचे. एलसीडीला चुंबकानं काही होत नाही.

"मॉनिटरवर भगवा, फ्लेक्सवर विटकरी"

डीटीपीवाल्यांची ही तक्रार मॉनिटरच्या खात्यात टाकली जाते, पण वरच्या सगळ्या चाचण्यांत मॉनिटर पास होतो. स्क्रीन उजेडानं रंग करते, छपाई शाईनं. झगझगीत केशरी, पोपटी आणि गडद निळा हे चार शाईंच्या छपाईत तितक्या तेजानं उतरतच नाहीत. त्यामुळे मॉनिटर बदलून फरक पडणार नाही. ब्राइटनेस कमी करा. अंधाऱ्या दुकानात १०० टक्क्यांवर ठेवलेल्या स्क्रीनवर सगळंच उजळ वाटतं. फाइल सुरुवातीपासून सीएमवायकेमध्ये, म्हणजे या चार शाईंच्या हिशेबात करा, म्हणजे भगवा किती उतरणार ते आधीच दिसेल. मोठं काम असेल तर ज्या मशीनवर आणि ज्या मालावर छापायचंय त्यावरच फूटभर तुकडा काढून घ्या, गिऱ्हाइकाला तो दिवसाच्या उजेडात दाखवा आणि त्याच तुकड्यावर त्याची सही घ्या.